तोलारी

काटा म्हणायचे आम्हाला.
पायात मोडतो तो,
आणि केळीच्या वखारीत लटकतो तोही.
ज्यांना कळायचं त्यांना एकाच शब्दात कळायचं.

सगळ्यात खाली कानोशी: चहावाला, पंक्चर काढणारा,
फाटकावरचा झेंडीवाला.
त्यांच्यावर पावलं. ती माणसामागे महिनाभर चालायची
आणि तो झोपेत कोणत्या कुशीवर वळतो ते येऊन सांगायची.
मग पातं. पात्याला लग्न करता येत नसे.
मग माती. तिचं काम पाटाला पाणी सुटायच्या आत उरकायचं.
आणि या सगळ्यांच्या डोक्यावर,
सावद्याच्या मालधक्क्याला, भोकाच्या बनियनमध्ये,
कानावर पेन्सिल ठेवलेला
तोलारी.

आधीची तीन पाळण्यातच गेलेली,
म्हणून आईने याला सुपात घालून उकिरड्यावर नेलं
आणि परत आणलं.
सुपडू ठेवलं, मरणाला वाटावं टाकाऊ आहे.
मरणाने ऐकलं.
पुढे चाळीस वर्षं त्याच्याच हाताखाली राबलं.

त्याने कधी कुणाला चापट मारली नाही.
चिठ्ठी यायची. नाव, नावाखाली केलेलं.
शेवटची वॅगन हलली की तो तराजू टांगायचा.
एका पारड्यात केलेलं: तापीतले गोटे,
प्रत्येकावर कोळशाची खूण.
दुसऱ्यात त्या माणसाच्या जिवावर जेवणारी तोंडं:
म्हातारीला अच्छेर, तान्ह्याला शेर.
दांडी गोट्यांकडे झुकली तर पातं निघायचं,
तोंडांकडे झुकली तर चिठ्ठी चुलीत.

मी बावीस वर्षं कंदील धरला.
बावीस वर्षं कंदील धरणाऱ्याला
कधीतरी दिसतोच
अंगठा.
तोंडांच्या पारड्याच्या काठावर, माशी बसावी तसा.
छटाकभर लुबाडायला सारा बाजार जे करतो
तेच तो एखाद्याला घरी पाठवायला करायचा.

सगळ्यांना नाही.
गिरणेच्या वाळूत स्वतःची पोर पुरणाऱ्याला
अंगठा मिळाला नाही.
चोपड्याच्या मास्तराला मिळाला.
का, ते मी विचारलं नाही.
तोही एकदाच बोलला:
"दिसलं ना तुले? मंग वात कमी कर."

काट्याचा नियम साधा होता.
दांडी मारणारा तोलारी पहिला जाईल.
आणि केळ एकदाच विते, हे तर इथलं शेंबडं पोर सांगेल:
घड उतरला की खोड आडवं,
बुडाशी उगवलेलं पिल बाग धरतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी
पेन्सिल माझ्या कानावर आली.
पहिलीच चिठ्ठी उघडली: सुपडू आनंदा.
अक्षर त्याचंच.
खाली एकेचाळीस अंगठे, तारीखवार.
समोर पोत्यावर बसून तो खिशात काडेपेटी चाचपत होता.
"तोल," म्हणाला, "मापात."

गोटे मावेनात, शीग लागली.
दुसरं पारडं रिकामं. बायको गेलेली, मूल झालंच नव्हतं.
मी एक अच्छेर टाकलं.
"हे कोनाचं?"
माझं, म्हणालो.
तुमच्या डब्यातलं भरीत बावीस वर्षं मीच संपवलंय.

हसला नाही.
एकेचाळीस गोट्यांपुढे अच्छेर ते काय.
तरी दांडी हलली.
त्या वेळी वारा होता की नव्हता, आता आठवत नाही.
कंदील लोटनने धरला होता, सोळा वर्षांचं पोरगं,
आणि त्याचे डोळे
दांडीवर नव्हते.

सुपडूबाबा अजून येतो सकाळचा,
धक्क्यावर उन्हाला बसतो,
कुणाशी न बोलता वॅगनी मोजतो, चुकतो,
पहिल्यापासून मोजतो.

लोटनही काही बोलत नाही.
झाडून घेतो, पारडी पुसतो, काचेची काजळी काढतो,
मग ब्लेड घेऊन पेन्सिलींना टोक करत बसतो.
दोन पेन्सिलींना.
मी एकच वापरतो.